शेंदराच्या डब्याच्या दोन खाचा

अण्णा, तुमच्या शेंदराच्या डब्याला वरच्या कडेला दोन खाचा आहेत, त्यातल्या एका खाचेतला पत्र्याचा तुकडा मला गेल्या रविवारी सापडला. बागवाल्यांच्या जुन्या गाडीत. स्टिअरिंगच्या बोल्टाला गुंडाळलेला, काळा पडलेला, पण एका टोकाला अजून पिवळा रंग होता आणि आंब्याच्या पानाचं हिरवं टोक दिसत होतं. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही. आपल्या दोघांचं बोलणं मुळातच कामापुरतं, "पाना दे" आणि "जेवायला चला", एवढंच. पण आज गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगून ठेवते, रागाने बसले आहे.

डबा तोच, आमरसाचा. कुणा कॅनिंगवाल्याने तुम्हाला गाडी दुरुस्त केल्याबद्दल दिला होता. रस आम्ही खाल्ला आणि डबा तुम्ही गॅरेजमध्ये नेलात. त्यात अळशीच्या तेलात खललेला शेंदूर असायचा, वर लाकडी काडी. आपल्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात गाड्यांचे बोल्ट गंजून अडकतात, जोर लावला की आटे तुटतात, आणि मग बोल्ट घट्ट न होता नुसता गोल फिरत राहतो. असा गेलेला आटा तुम्ही नीट करून द्यायचात आणि काम झालं की त्या बोल्टाच्या डोक्यावर काडीने शेंदराचा एक ठिपका. हा आटा मूळचा नाही, इथे हात लागलाय, पुढच्या माणसाने जपून पाना लावावा, हा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अण्णा, हे कशाला? गाडी उघडली होती ते कळेल ना घेणाऱ्याला." तुमचं ठरलेलं उत्तर, "कळूदे की. चोरी केलीय काय मी?" रत्नागिरीपासून पार पालीपर्यंतचे मेकॅनिक तो ठिपका ओळखायचे. लोट्याच्या कंपनीत मी टर्नर म्हणून लागले तेव्हा तिथला फोरमनसुद्धा म्हणाला होता, "तू शेंदूरवाल्या अण्णांची मुलगी काय?" मला किती मिरवल्यासारखं वाटलं होतं, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तुमच्यानंतर गॅरेज मी चालवते, पण बागवाल्यांची गाडी माझ्याकडे कधी आली नव्हती. बागवाले काका गेले, मग ती त्यांच्या कलमांच्या बागेतल्या शेडमध्ये गवताच्या भाऱ्यांखाली पंधरा-सोळा वर्षं पडून होती. गेल्या महिन्यात धाकटा बागवाला ती दोर लावून ओढत घेऊन आला. धाकटा म्हणजे काकांचा मुलगा, तोच, ज्याच्या जन्माची गोष्ट खेडशी नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा पाठ आहे. आता चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं, दोन मुली. मला म्हणाला, "ताई, आईला ऐंशी पूर्ण होतायत. तिचं एकच म्हणणं आहे, ह्याच गाडीतून आंबा घाट चढून अंबाबाईला जायचं. मी, बायको, पोरी, सगळे जाणार. तू म्हणशील ते सामान आणतो, पण गाडी उभी कर." मग बोनेट उघडून आत बोट दाखवलं. "फक्त तेवढं सोडून. तिथे हात लावू नको, आईने बजावलंय."

उजव्या हाताला, खाली, जिथे स्टिअरिंगची पेटी तीन बोल्टांवर चेसिसला बसते, तिथे एक शेंदराचा गोळा होता. ठिपका नव्हे, गोळा. बोल्टाचं डोकं, वॉशर, काहीच दिसत नव्हतं. वाटेवरच्या म्हसोबाला वर्षानुवर्षं शेंदूर लावून त्याचं नाकडोळे सगळं बुजून जातं, तसं झालं होतं.

ती गोष्ट तुम्ही कधी स्वतःच्या तोंडाने सांगितली नाहीत. लोकच सांगायचे. भाद्रपद संपत आलेला, संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, पावसाची भुरभुर. काकांची गाडी आपल्याकडे उघडलेली, स्टिअरिंगची पेटी काढून बाकावर ठेवलेली. आणि काका धापा टाकत चालत आले की बायकोला आठव्याच महिन्यात कळा सुरू झाल्यात, डॉक्टर म्हणतात इथे जमणार नाही, आताच्या आता कोल्हापूर गाठा. दुसरी गाडी मिळेना. तुम्ही कंदिलाच्या उजेडात अर्ध्या तासात पेटी बसवलीत, गाडी चालू करून दिलीत. काका घाट चढून गेले, आई वाचली, पोर वाचलं. परत आल्यावर काका भर नाक्यावर तुमच्या पाया पडले. वयाने मोठा माणूस, एवढा बागायतदार, तुमच्या काळ्या हातांना कपाळ टेकवतो आणि म्हणतो, "ह्या हातांनी माझं घर राखलं." मी तेव्हा अकरावीत होते. मला आठवतं, तुम्ही हात मागे घेतलेत आणि म्हणालात, "भाऊसाहेब, गुरुवारी गाडी आणा, एक काम राहिलंय." सगळे हसले. किती तो साधा माणूस, याला कौतुक नको, काम हवं. मीही हसले.

तो गुरुवार काही आला नाही. त्याआधी दसरा आला. काकींनी ओल्या बाळंतिणीच्या अंगाने, डोक्याला रुमाल बांधून, गाडीची पूजा केली. बोनेट उघडायला लावलं आणि तुमच्या हाताची खूण म्हणून तो लाल ठिपका शोधून काढला. त्याच्यावर मारुतीच्या देवळातून आणलेला शेंदूर लावला, फूल वाहिलं, नारळ फोडला. बाकीचे लोक बोनेटला हार घालतात, टायरखाली लिंबू ठेवतात, तसं हे त्यांचं खास. मग दर दसऱ्याला तेच. त्याच दसऱ्याला काकांनी गॅरेजखालची ही दोन गुंठे जागा तुमच्या नावावर करून देतो म्हणून सांगितलं, आणि दिलीही. तुम्ही शाल आणि नारळ घेऊन घरी आलात, जेवला नाहीत, पडवीत पाठ करून निजलात. आई म्हणाली, "मोठ्या मनाच्या माणसाला मोठं काही मिळालं की असंच होतं." आईला तुमच्याबद्दल वाईट कधी सुचायचंच नाही.

त्याच हिवाळ्यातली एक गोष्ट तुम्हाला आठवते का ते मला माहीत नाही, मला मात्र गालासकट आठवते. मी कॉलेजातून चालत येत होते, काकांनी गाडी थांबवली, "चल गो, सोडतो." पुढच्या सीटवर काकी मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या, मी मागे. काच खाली, केस उडतायत, मी नुसती राणी. गॅरेजसमोर उतरले. तुम्ही काकांकडे बघून हसलात, हात केलात. गाडी वळणाआड जाईपर्यंत तुमचा हात वरच होता. मग तो हात खाली आला तो माझ्या कानाखाली. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. "पुन्हा त्या गाडीत बसलीस तर घरात घेणार नाय. आयकलंस? पाय दिलेत ना देवानं? चालत ये." मी रडत घरी गेले. आईने अर्थ लावला की वयात आलेली पोर, लोकांच्या गाडीतून फिरते, चार तोंडं बोलतील. मला तो अर्थ अजिबात पटला नाही. मी माझा लावला की तुम्हाला गरिबीचा गर्व आहे. त्या गर्वापायी मी तुमच्याशी सहा महिने नीट बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही कधी मोकळेपणाने बोलले नाही.

आणि ते शनिवार. काका दर शनिवारी बाजाराच्या कामाला कोल्हापूरला जायचे, दिवेलागणीला परत. तुम्ही त्या दिवशी चार वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर बसायचात. आई चहा आणून ठेवायची, तुम्ही कप उचलायचा नाहीत. हातखंब्याकडून चढ चढताना त्या गाडीचा एक घोगरा आवाज यायचा, तो तुम्हाला आमच्या आधी ऐकू यायचा. गाडी समोरून जायची, काका हॉर्न द्यायचे, तुम्ही मान हलवायचात आणि मग तो गार झालेला चहा एका घोटात प्यायचात. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "अण्णा, बायकोपेक्षा जास्त वाट बघता त्या गाडीची." तुम्ही म्हणायचात, "इंजिनाचा आवाज गोड आहे तिच्या." एका शनिवारी झाड पडून रस्ता बंद झाला आणि गाडी रविवारी सकाळी आली. त्या दिवशी तुम्ही जेवणाच्या पाटावर बसलात आणि पान तसंच टाकून पुन्हा बाकावर जाऊन बसलात. मला वाटायचं, काय हे लाचार प्रेम, दोन गुंठ्यांसाठी.

आणखी एक प्रसंग आहे, तो आत्ता लिहिताना वर आला. गाडी वर्षाच्या सर्व्हिसिंगला आली होती, काका बाकावर पेपर वाचत बसलेले. मी जेवणाचा डबा द्यायला आले होते. तुम्ही रिंग पाना घेतलात आणि आत, त्या शेंदराच्या जागी लावायला गेलात. काकांनी पेपर खाली केला. "अण्णा, तिथे नको हो. बाकी सगळी गाडी उघडा, पण ते राहू दे. आमच्या हिने ऐकलं तर घरात महाभारत होईल." तुम्ही वाकलेलेच राहिलात. मग म्हणालात, "भाऊसाहेब, तिथे जरा…" काका म्हणाले, "जरा काय?" आणि तुम्ही सरळ उभे राहून पाना पुसायला घेतलात. "काय नाय. बरं आहे." किती थोडे शब्द लागले असते अण्णा. मी मोजून बघितले, चार.

आता रविवारचं सांगते. गाडीचं इंजिन बोलायला लागलं होतं, ब्रेक झाले होते, पण स्टिअरिंगला खेळ होता. चाक इकडून तिकडे चार बोटं फिरायचं तरी गाडीला पत्ता नाही. अशा गाडीत ऐंशी वर्षांची बाई आणि दोन पोरी बसवून आंबा घाटात पाठवायची, ते माझ्याने होईना. म्हणून सुट्टीच्या दिवशी, कुणी नसताना, मी त्या गोळ्याखाली पातळ छिन्नी घातली. सगळा थर एकदम सुटून हातात आला, आतून बोल्टाच्या डोक्याचा साचा उमटलेला, आणि अगदी तळाशी, सगळ्यात जुना, तुमच्या काडीचा ठिपका. वेगळाच रंग, गडद. मी मूळच्या इंची मापाचा, तीन सुताचा पाना लावला. बसेना. डोकं वेगळ्याच मापाचं. एमएमचा बोल्ट होता तो, दहाचा. भोक तीन सुताचं आणि त्यात दहा एमएमचा बोल्ट. दिसायला दोघे सारखे, पण आट्यांची चाल वेगळी. जोर लावला की आत जातो आणि भोकाचे सगळे आटे खाऊन टाकतो. मी हाताखाली आले त्या पहिल्याच महिन्यात तुम्ही मला शिकवलं होतं हे, दोन्ही बोल्ट तळहातावर ठेवून, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नको बाय, नखानं मोज."

एमएमचा पाना लावून अर्धा फेरा फिरवला आणि बोल्ट दोन बोटांनी बाहेर आला. दोन बोटांनी. त्याच्या अंगाला ती पत्र्याची पट्टी, खाल्लेल्या आट्यांची फट भरायला गुंडाळलेली. मी ती रॉकेलमध्ये धुतली, बाकावर सपाट केली, पिवळा रंग बघितला आणि उठून फळीवरचा डबा काढला. खाचेशी धरली. कापताना कात्री जिथे जराशी घसरली होती, तो वाकडेपणासुद्धा जुळला. उरलेल्या दोन बोल्टांपैकी एक सैल झालेला, दुसऱ्याची मान गंजाने खाऊन काडीएवढी राहिलेली. काका किती शनिवार त्या घाटातून उतरले असतील? कळकदऱ्याच्या वळणांवर, धुक्यात, मांडीवर पोर घेतलेल्या काकींना शेजारी बसवून? गाडी कुणी धरून ठेवली होती, ती पट्टी, की हे दोन बोल्ट, की वर्षानुवर्षं दगडासारखा वाळत गेलेला काकींचा शेंदूर, हे मला सांगता येणार नाही. मी पट्टी हातात घेऊन गॅरेजच्या जमिनीवर बसले.

मग मला सगळं कळलं, एकामागून एक. ती थप्पड. तो गार चहा. पाठ करून निजणं. तुम्हाला इंजिनाचा आवाज गोड लागत नव्हता, तुम्ही गाडी पडल्याची बातमी यायची वाट बघत होता. मला चालत यायला लावलंत, म्हणजे माझा जीव तुम्हाला हवा होता. आणि काकींचा? त्या पोराचा, ज्याला वाचवल्याबद्दल तुम्ही शाल पांघरलीत? त्या संध्याकाळी तुमचं काही चुकलं नाही, हे मी मानते. अंधार होता, बाई अडली होती, हाताला जो बोल्ट लागला तो लागला, आटे गेल्यावर पट्टी घातलीत तीही एका फेरीपुरती, आणि ठिपका लावलात म्हणजे मनात खोट नव्हती. पण त्यानंतर इतकी वर्षं? "भाऊसाहेब, तो आटा गेलाय" एवढं तोंडातून निघालं नाही? देवमाणूस म्हणवून घ्यायची एवढी गोडी? दोन दिवस मी तुमच्या तसबिरीसमोर दिवा लावला नाही. हे लिहिताना लाज वाटत नाही.

काम मात्र नीट केलं. पेटी काढली, बाकावर घट्ट धरली. उरलेसुरले आटे साफ काढून भोक थोडं मोठं आणि सरळ पाडलं, त्यात नवे आटे पाडले. लेथवर पोलादाची नळीसारखी बुश कातून काढली, बाहेरून त्या मोठ्या मापाचे आटे, आतून तीन सुताचे, मूळचे. ती बसवून कडेला टोचा मारला, म्हणजे फिरायला नको. तिन्ही बोल्ट नवे घातले. मग भिंतीला पाय लावून, पान्याला पाइप लावून, अंगातला सगळा राग घालून ओढलं. हललं नाही. तुम्ही असतात तर काही बोलला नसतात, नुसतं अंगठ्याने चाचपून पुढे गेला असतात, आणि मला तेवढं पुरलं असतं. हेही लिहूनच टाकते, कारण राग आला म्हणून ते खोटं होत नाही.

काकी बुधवारी मुलाबरोबर गाडी न्यायला आल्या. वाकल्यात, पण नजर ससाण्याची. उतरल्याबरोबर, "बोनेट उघड." उघडलं. तिथे चकचकीत नवा बोल्ट. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं चक्कर येते की काय. "अगो, हे काय केलंस? तुझ्या वडलांचा हात होता तिथे." धाकटा माझ्याकडे बघायला लागला. पट्टी माझ्या कामाच्या झग्याच्या खिशात होती, बोटांना लागत होती. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. "काकी, तो बोल्ट…" "काय तो बोल्ट?" त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बाईने आयुष्यभर त्या जागेला हात जोडले होते. आणि मी म्हटलं, "काय नाही. गंजला होता. अण्णांची जागा तीच आहे, मी फक्त बोल्ट बदलला." मग डबा काढला, शेंदूर खलला आणि ठिपका दिला. काकींनी माझ्या हातून काडी घेतली, त्यावर आणखी एक ठिपका दिला आणि हात जोडले. धाकटा म्हणाला, "ताई, चल ना आमच्याबरोबर, मागे जागा आहे." मी म्हटलं, काम आहे.

ते आज सकाळी गेले. आता चार वाजून गेलेत. मी तुमच्याच बाकावर बसून हे लिहिते आहे. समोर रुंदीकरणाने रस्ता एवढा मोठा केलाय की तुम्हाला ओळखू येणार नाही, गाड्या नुसत्या सुसाट, एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतो. चहा मागवला होता, त्यावर साय धरली आहे. बोल्ट पक्का आहे, माझ्या हातचा आहे, तो सुटणार नाही हे मला नखापर्यंत ठाऊक आहे. मग मी कशाची वाट बघत बसले आहे, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला हे पत्र सुरू केलं होतं. तुमच्यावर ओरडून झालं की सांगू, असं म्हणता म्हणता इथवर आले.

दुसरी खाच माझी आहे, अण्णा.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दापोलीकडच्या बुरोंडीची एक जीप आली होती, मासळीची. पाटीपाटीतून बर्फाचं पाणी गळत होतं आणि ड्रायव्हर डोक्यावर उभा. "बाई, लवकर करा, माल जाईल. बाईमाणसाकडे गाडी आणली हेच चुकलं." पुढच्या ब्रेकचा बोल्ट बसवत होते. त्या शब्दाचा राग आला आणि मी नखाने मोजलं नाही. आटे गेले. नीट करायला अर्धा दिवस लागला असता आणि त्या माणसासमोर माझ्या हातून आटे गेले हे कबूल करावं लागलं असतं. तेवढ्यात फळीवरचा डबा दिसला. त्याची खाच मी कॉलेजात असल्यापासून बघत होते, पण ती कशासाठी ते त्या क्षणी सुचलं. म्हटलं, अण्णांनी केलंय म्हणजे चालत असणार. तुमच्या खाचेशेजारी कात्री लावली. बोल्ट बसला, घट्टही झाला. त्याला म्हटलं, "परवा परत आणा, एक काम राहिलंय." तो हसला, गाडी चालू केली आणि गेला. परत कधी आला नाही. आणि शेंदूर मी लावला नाही. लावला असता तर त्याने विचारलं असतं, हे काय म्हणून.

नंबर लिहून घेतला नव्हता. नाव विचारलं नव्हतं. नंतर दोनदा बुरोंडीला जाऊन आले, मासे घ्यायचं निमित्त करून, बंदरावरच्या प्रत्येक जीपखाली वाकून बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "काय हरवलंय गो बाय?" मी काही नाही म्हटलं. किती वर्षं दापोलीकडच्या अपघाताची बातमी आली की आधी गाडी कुठली ते वाचते, मग माणसं.

आत्ता हातखंब्याकडून घोगरा आवाज आला. तीच. काकी पुढे बसल्यात, पोरी मागे, धाकट्याने हॉर्न दिला, मी हात केला. गेले ते. चहा प्यायले.

हे पत्र घडी घालून पट्टीसकट डब्यात ठेवणार आहे. तुम्हाला निदान तुमच्या गाडीचा आवाज ओळखता येत होता, अण्णा. शनिवारी संध्याकाळी तुमची सुटका व्हायची.